नवे वाण कशाला?

पेरणीचे दिवस जवळ आले, की गावोगावच्या पारावर एक वाद हमखास रंगतो. तरुण गडी दुकानातून नवी पिशवी आणायला निघालेला असतो आणि म्हातारा त्याला अडवतो. "अरे, दर दोन सालांनी नवं नाव, नवी पिशवी आणि नवा भाव! आमच्या बापानं एकच बी जन्मभर पेरलं आणि दहा माणसांचं खटलं जगवलं. मग ही नवी वाणं काढतात तरी कशाला? बी खपवायला?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. खत चुकले तर पुढच्या हप्त्यात सुधारता येते, पाण्याची पाळी चुकली तर दुसरी देता येते. पण बी चुकले की सबंध साल चुकते. घरची भाकरी, गोठ्यातली वैरण, सोसायटीचे देणे आणि लेकीचे लग्न, हे सारे त्या एका मुठीवर अवलंबून असते. तेव्हा म्हाताऱ्याला नीट उत्तर मिळाले पाहिजे. आणि तरुणानेही ते ऐकले पाहिजे, कारण नवे ते सगळे सोने, हीदेखील तितकीच मोठी फसगत आहे.

निवड आपल्याच घरातली

पहिली गोष्ट ही, की वाण काढणे हा काही शास्त्रज्ञांनी लावलेला शोध नव्हे. ते काम शेतकऱ्याचे, आणि त्यातही घरच्या कारभारणीचे. ज्वारीचेच पाहा. ती मूळची आफ्रिकेतली. रानटी ज्वारीचे दाणे पिकले की आपसूक गळून मातीत पडतात. रानातल्या झाडाला ते सोयीचे. माणसाला मात्र कणसात टिकून राहणारा दाणा हवा. ज्या ताटाचे दाणे गळले नाहीत, त्याचेच बी माणसाने घरी नेले आणि पुन्हा पेरले. अशी निवड पिढ्यान्‌पिढ्या होत गेली, तेव्हा आजची ज्वारी उभी राहिली.

हीच रीत आपल्या घरांतून चालत आली. खळे करण्याआधी उभ्या पिकात फिरून भरदार, निरोगी कणसे हेरायची, ती वेगळी खुडून आढ्याला टांगायची, पुढे दाणे राखेत घोळून आणि कडुनिंबाचा पाला घालून मडक्यात राखायचे. हे करणारी आजी शाळेत गेली नसेल, पण कोणते कणीस बियाचे आणि कोणते जात्याचे, हे तिला बिनचूक कळत होते. शास्त्रज्ञाने तिचेच काम पुढे नेले. फरक एवढाच, की तो एकेका कणसाचा हिशेब ठेवतो.

मालदांडीची गोष्ट

सोलापूर भागात रब्बीला मालदांडी ज्वारी पूर्वापार होती. पण गावरान वाण म्हणजे एकाच शेतात नाना तऱ्हा. एक ताट उंच तर दुसरे बुटके, एक कणीस घट्ट तर दुसरे विरळ. १९३० च्या दशकात सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ येथे या गावरान मालदांडीतून निवड करून 'मालदांडी ३५-१' हा वाण काढण्यात आला. अशा निवडीची रीत ऐकायला सोपी आहे. शेकडो चांगली कणसे गोळा करायची, एका कणसाचे दाणे एका ओळीत पेरायचे आणि ओळीमागून ओळ पाहत जायचे. जी ओळ एकसारखी येईल, रोगाला आणि ताणाला दाद देणार नाही, ती ठेवायची. बाकीच्या मोडीत काढायच्या. हे पुन्हापुन्हा करण्यात कित्येक वर्षे जातात.

आज या वाणाला नव्वदीच्या घरात वर्षे होत आली, तरी रब्बी ज्वारी म्हटले की लोक मालदांडीचेच नाव घेतात. का बरे? तिचा दाणा टपोरा, पांढरा आणि चकाकणारा आहे. भाकरी मऊ होते, गोड लागते आणि सकाळची भाकरी संध्याकाळी चामट होत नाही. पाऊस सरल्यावर काळ्या रानातल्या नुसत्या ओलीवर ती तग धरते. खोडमाशीला ती इतर वाणांइतकी लवकर बळी पडत नाही. आणि कडबा! जनावरे तो आवडीने खातात. दुष्काळी साली तर कडब्याचा पैसा दाण्याच्या पैशाला येऊन भिडतो.

म्हणजे पाहा, या एका वाणात चुलीची, गोठ्याची आणि बाजाराची गरज एकत्र भागली. म्हणून ते टिकले. वाणाची ही कसोटी आपण विसरता कामा नये.

हायब्रीडने काय दिले, काय नेले

मग हायब्रीड ज्वारी कशाला काढली? त्यासाठी तो काळ आठवला पाहिजे. १९६५ आणि १९६६ ही दोन्ही साले अवर्षणाची गेली. १९६६ साली देशाला सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणावे लागले. बंदरावर बोट लागली तर रेशनच्या दुकानात धान्य, अशी गत होती. त्या वेळी एकच गरज सगळ्यांत मोठी होती, ती म्हणजे एकरी जास्त दाणे.

त्याच सुमारास, १९६४ साली, 'सीएसएच-१' ही देशातली पहिली संकरित ज्वारी आली. दोन निराळ्या घराण्यांतल्या ज्वारीचा संकर केला, की पहिल्या पिढीत विलक्षण जोम येतो. ताट बुटके, पीक सुमारे शंभर दिवसांत तयार, खत घातले तर लोळत नाही आणि दाणा गावरानापेक्षा कितीतरी जास्त. खरीप ज्वारीचे चित्र या संकरित वाणांनी पालटले.

पण घरोघरी कुरकुर सुरू झाली. बुटक्या ताटाचा कडबा किती निघणार? बैलांनी खायचे काय? दुसरे म्हणजे दाणा काळा पडू लागला. आपले जुने खरीप वाण मोठे हिशेबी होते. पेरणी थोडी मागेपुढे झाली, तरी दिवस लहान होऊ लागले आणि पाऊस ओसरत आला, की मगच ते निसवत. दाणा कोरड्या हवेत भरे. हायब्रीडला हा हिशेब ठाऊक नव्हता. ती शंभर दिवस भरले की तयार, मग वर पाऊस का कोसळत असेना! भिजलेल्या कणसावर बुरशी चढली आणि काळ्या ज्वारीला बाजारात भाव मिळेना. आणि भाकरी? "हायब्रीडची भाकरी" हा शब्दच मुळी नाक मुरडून बोलला जाऊ लागला.

त्या वेळी काही शहाण्यांनी शेतकऱ्याला अडाणी ठरवले. एवढे उत्पन्न देणारे वाण याला पसंत कसे नाही, असे ते म्हणत. पण चूक शेतकऱ्याच्या पसंतीत नव्हती. वाणाकडे फक्त दाण्याच्या वजनाने पाहिले गेले होते आणि घरातला ताजवा त्याहून मोठा होता. पुढच्या वर्षांत शास्त्रज्ञांनी हे ध्यानात घेतले. सीएसएच-५, सीएसएच-९ असे संकरित वाण आले, त्यांत दाण्याबरोबर कडब्याचाही विचार होता. खरिपात त्यांनी चांगला जम बसवला. रब्बीत मात्र मालदांडीला बाजूला सारणे हायब्रीडला जमले नाही.

तेव्हा म्हाताऱ्याच्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे, की गरज बदलते म्हणून वाण बदलते. आणि गरज कोणती, हे ज्याने त्याने आपल्या घरी पाहायचे असते.

बाजरीने शिकवलेला धडा

दुसरे उत्तर बाजरी देते, आणि ते कडू आहे.

१९६५ साली पंजाबात लुधियानाच्या कृषी विद्यापीठातून 'एचबी-१' ही संकरित बाजरी निघाली. संकरित बी मोठ्या प्रमाणावर करायचे, तर जिचे पराग निकामी आहेत अशी मादी लागते, नाहीतर ती स्वतःच फळून मोकळी होते. अशी मादी अमेरिकेतल्या टिफ्टन येथून आली होती. तिचे नाव 'टिफ्ट २३ ए'. तिच्यावर निरनिराळे नर घालून एचबी-१ पासून पुढची संकरित बाजरी तयार झाली. त्यांतली लवकर येणारी एचबी-३ तर चोहीकडे पसरली. १९७०-७१ साली देशात सुमारे ८० लाख टन बाजरी पिकली. लोक आनंदून गेले.

पण या साऱ्या बाजरीची आई एकच होती. केवडा रोगाला ती आई बळी पडणारी, म्हणून तिची लेकरेही तशीच. या रोगात पाने पिवळी पडतात आणि कणसाच्या जागी हिरव्या पानांचा झुपका फुटतो. जटा वाढवलेला जणू गोसावीच! आपल्याकडे या रोगाला गोसावी असेही म्हणतात. दाण्याचे नाव नाही. रोगाचे बीज जमिनीत राहते आणि पुढच्या साली पुन्हा उठते. मैलोगणती एकाच घराण्याचे पीक उभे, मग रोगाला आडकाठी कोण करणार? सत्तरच्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत केवड्याने ही बाजरी झोपवली. त्यात पावसानेही दगा दिला आणि १९७४-७५ साली देशाचे उत्पादन ३३ लाख टनांच्या आसपास घसरले.

इथे नव्या वाणाची गरज अगदी उघड दिसते. रोगाची बुरशी, कीड, हवा ही स्वस्थ बसत नाहीत. आज जे वाण रोगाला दाद देत नाही, त्याच्यावर उद्या मात करणारी बुरशी निपजते. म्हणून शास्त्रज्ञाला सतत नव्या रक्ताच्या शोधात राहावे लागते. आणि हे नवे रक्त येते कोठून? कोण्या दूरच्या गावातल्या शेतकऱ्याच्या जुन्या, गावरान बियातून. १९८८ साली 'आयसीटीपी ८२०३' नावाची टपोऱ्या दाण्याची बाजरी आपल्या महाराष्ट्रात प्रसारित झाली. ती हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने निवडली होती, आणि तिचे मूळ बी होते आफ्रिकेतल्या टोगो देशाच्या गावरान बाजरीचे. टोगोच्या बायाबापड्यांनी राखलेले दाणे नगर-नाशिकच्या माळावर कामाला आले!

पुढे याच बाजरीतून ज्या ताटांच्या दाण्यात लोह अधिक होते, ती निवडून 'धनशक्ती' हे वाण काढले गेले. त्यात इक्रिसॅटबरोबर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा हात होता. २०१४ साली ते देशभरासाठी आले. आपल्या घरांतल्या कित्येक सुना-लेकींच्या अंगात रक्त कमी असते, हे त्यामागचे कारण. तेव्हा वाण नुसते पोते भरण्यासाठी काढत नाहीत. कधी ते घरच्या बाईच्या तोंडावर तजेला यावा म्हणूनही काढतात.

शेतकरीही वाण काढतो

आता कोणी म्हणेल, हे सारे विद्यापीठांचे काम. तर चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे आठवा. शिक्षण जेमतेम, जमीन थोडीशी. १९८३ साली 'पटेल-३' जातीच्या धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. हजार माणसे त्या बांधावरून गेली असती आणि एकाच्याही ध्यानात आले नसते. दादाजींनी त्या वेगळ्या काढल्या, निराळ्या पेरल्या आणि वर्षामागून वर्ष निवड करत राहिले. तांदूळ बारीक आणि चवीला उत्तम निघाला. त्या काळी एचएमटीच्या मनगटी घड्याळाची मोठी चलती होती, म्हणून या धानाला नाव पडले 'एचएमटी'. बघता बघता ते विदर्भात आणि शेजारच्या राज्यांतही पसरले.

पुढे अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने 'पीकेव्ही एचएमटी' या नावाने वाण प्रसारित केले आणि श्रेय कोणाचे, यावरून बराच वाद झाला. २००५ साली राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते दादाजींचा गौरव झाला. पण नाव झाले म्हणून घरात पैसा आला, असे झाले नाही. लाखो ताटांत त्यांचा भात वाढला जात असताना त्यांचे दिवस ओढगस्तीत गेले. २०१८ च्या जूनमध्ये ते वारले.

ही गोष्ट सांगण्याचे कारण असे, की आता कायदा आपल्या बाजूने काही बोलतो आणि तो ठाऊक असावा. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ साली झाला. त्यात शेतकऱ्याला स्वतः काढलेले वाण आपल्या नावे नोंदवता येते. आपल्या पिकाचे बी राखणे, पेरणे, शेजाऱ्याला देणे, बदलून घेणे, विकणे हा हक्कही त्याला आहे. मात्र संरक्षित वाणाचे बी छापील नावाच्या पिशवीत भरून विकता येत नाही. तुमच्या शेतात एखादे ताट निराळे आणि सरस दिसले, तर त्याला खूण बांधा. त्याची किंमत कोणाला कळो न कळो, तुम्हाला कळली पाहिजे.

मग आपण काय करायचे?

नवे बी घेताना, नुसते "उतारा किती?" एवढेच विचारून थांबू नका. निदान पाच प्रश्न विचारा. माझ्या जमिनीला हे चालेल का? माझ्या भागाच्या पावसात किती दिवसांत येईल? कोणत्या रोगाला दाद देत नाही? वैरण किती आणि कशी? आणि घरात शिजवल्यावर, बाजारात नेल्यावर काय होईल?

पहिला प्रश्न किती महत्त्वाचा आहे, ते रब्बी ज्वारीतच दिसेल. राहुरीच्या विद्यापीठाने हलक्या जमिनीसाठी 'फुले अनुराधा', मध्यम जमिनीसाठी 'फुले सुचित्रा', भारी जमिनीसाठी 'फुले वसुधा' आणि भारी बागायतीसाठी 'फुले रेवती' अशी निरनिराळी वाणे दिली. हुरड्यासाठी 'फुले उत्तरा' वेगळेच. भारी रानाचे वाण मुरमाड रानात पेरून त्याला शिव्या देण्यात अर्थ नाही. हरभऱ्याचे 'फुले विक्रम' हे उंच वाढणारे वाण तर यंत्राने काढणी व्हावी म्हणून निघाले, कारण आता मजूर मिळत नाहीत. गरज बदलली, वाण बदलले.

दुसरे, नवे वाण कितीही वाखाणले गेले तरी पहिल्या साली सगळे रान त्याच्या हवाली करू नका. पाभरीचे चार फेर नव्याचे, बाकी ओळखीच्या बियाचे. दोन्ही शेजारी शेजारी वाढू द्या. एका हंगामात तुमच्याच रानात परीक्षा होते आणि फसले तरी घर बुडत नाही. पटले तर पुढच्या साली वाढवा, पण जुने बी संपवू नका. एकाच वाणावर सगळी मदार ठेवली, की बाजरीची गत होते.

तिसरे, कोणते बी राखता येते आणि कोणते नाही, हे ओळखा. हायब्रीडचे बी पुन्हा पेरू नये. दुसऱ्या पिढीत आजी-आजोबांचे गुण फुटून बाहेर पडतात, एक ताट असे आणि एक तसे, आणि जोमही ओसरतो. सरळ सुधारित वाणाचे बी मात्र राखता येते. धान, गहू, हरभरा, सोयाबीन ही पिके आपल्या आपणच फळतात, त्यामुळे त्यांचे बी सहसा शुद्ध राहते. ज्वारीत थोडी भेसळ होते, म्हणून बियाची कणसे शेताच्या मध्यातून निवडावीत, बांधाकडची घेऊ नयेत. निवड उभ्या पिकातच करावी. रास झाल्यावर दाणा चांगला दिसतो, पण त्याचे ताट रोगट होते की निरोगी, हे रास सांगत नाही.

चौथे, घरच्या बियाची उगवण पेरणीआधी पाहा. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळा, ओल राखा आणि आठ-दहा दिवसांनी कोंब मोजा. ज्वारी-बाजरीचे शंभरात निदान ७५ आणि गहू-हरभऱ्याचे ८५ दाणे उगवले, तर बी पेरायला हरकत नाही. विकतचे घेतले तर लेबल पाहून घ्या. प्रमाणित बियाला निळे लेबल असते. पावती, लेबल आणि मूठभर बी पीक निघेपर्यंत जपून ठेवा. उद्या तक्रार करायची वेळ आली, तर तोंडी बोलणे उपयोगी पडत नाही.

आणि शेवटचे. नवे वाण पसंत पडले नाही, तर मुकाट्याने टाकून देऊ नका. का पटले नाही, ते कृषी खात्याच्या कर्मचाऱ्याला सांगा, शिवारफेरीत विद्यापीठाच्या माणसाला सांगा. कडबा कमी, दाणा काळा, भाकरी विरी जाते, कणीस खुडायला हात पुरत नाही, असे जे असेल ते सांगा. तुमची तक्रार हीच त्याच्या पुढच्या वाणाची सुरुवात असते. ती त्याच्या कानावर गेली नाही, तर तो आपल्या मनाने गरज ठरवील, आणि ते कसे महागात पडते, हे आपण पाहिले.

तेव्हा पारावरच्या म्हाताऱ्याला सांगा, की बाबा, तुमच्या बापाने पेरलेले बी चांगलेच होते. पण तेही त्याच्या आधीच्या कोणीतरी निवडलेले, तेव्हाचे नवे वाणच होते. आणि तरुणाला सांगा, पिशवी फोडण्याआधी घरात विचार. भाकरी थापणारीला, वैरण घालणाऱ्याला आणि हिशेब ठेवणाऱ्याला. तिघांनी होकार दिला, तर ते वाण तुमच्या घरचे.